टीव्हीतून आलेले शब्द

हिंगण्याच्या मैदानावर मुलांचा क्रिकेटचा डाव रंगलेला पाहावा. धावबाद की नाही यावर वाद पेटला, की एखादा पोरगा हवेत बोटांनी चौकोन काढतो आणि ओरडतो, 'थर्ड अंपायर!' मैदानात ना कॅमेरा, ना पडदा. तरी सर्वांना अर्थ कळतो.

या शब्दामागची घटना तारखेनिशी सांगता येते. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाच्या निर्णयाने धावबाद झाला. टीव्हीची दृश्ये पाहून बाद दिलेला कसोटीतला तो पहिला फलंदाज. 'लॉक करणे' याचेही तसेच. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि पुढे वर्गातली मुलेही उत्तर 'लॉक' करू लागली.

इंग्रजी शब्द मराठीत पूर्वीही आले. पण ते माणसांच्या तोंडून तोंडी फिरत आले आणि वाटेत झिजले: स्टेशनचे ठेसन झाले, बॉटलची बाटली. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतले 'शिफ्ट', 'ओव्हरटाइम' कामगारांबरोबर घरी आले. टीव्हीवरचा शब्द मात्र एकाच उच्चारात, चित्रासह, हजारो गावांत एकाच संध्याकाळी ऐकू येतो. म्हणून 'रिप्ले' फारसा झिजत नाही.

उच्चार टिकला तरी व्याकरण मराठीच राहते, ही यातली खरी गंमत. इंग्रजीत सिरियलला लिंग नाही; आपल्याकडे 'ती सिरियल' होते, बहुधा 'ती मालिका'च्या वळणावर. 'रिमोटने', 'एपिसोडमध्ये' यांना मराठी प्रत्यय लागतात. 'लॉक' हे इंग्रजीत क्रियापदही आहे, पण मराठीत त्याला 'करणे'चा आधार लागतो.

मग टीव्ही भाषा शिकवतो का? पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली. काहींना तेच बोलणे पडद्यावर दाखवले. पहिल्या गटाला चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडले नाही.

शाळेतल्या मुलाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्याजवळ एक भाषा तयार असते, तिच्या खुंटीला तो नवा शब्द टांगतो. वाक्य घडवायला मात्र उलट बोलणारा माणूस हवा. इंग्रजी कार्टून लावून दिले की पोर इंग्रजी बोलू लागेल, हा पालकांचा हिशेब आम्हाला म्हणूनच पटत नाही. 'रिप्ले' रोज म्हणणारे मूल 'काल तू काय खेळलास?' या साध्या इंग्रजी प्रश्नापाशी अडते.

वर्गात एक करून पाहा. टीव्हीवरून आलेले वीस शब्द मुलांना लिहायला सांगा. प्रत्येकापुढे तो, ती की ते, आणि अनेकवचन. शेजाऱ्याला विचारायचे नाही. मग वह्या ताडून पाहा. 'चॅनेल'पासून सुरुवात केलेली बरी: कोणी 'ते चॅनेल' लिहील, तर कोणी हिंदीच्या शेजारामुळे 'तो चॅनल'.