पियानोवरील कॉर्डची मांडणी : स्वर ठेवण्याची आणि सोडण्याची विद्या

पियानोवर तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवले असता जो स्वरसमूह उमटतो त्याला कॉर्ड म्हणतात, आणि त्या समूहातील स्वर कोणत्या सप्तकात, कोणत्या क्रमाने, किती अंतराने व कोणत्या हातात ठेवायचे या निवडीला व्हॉइसिंग म्हणतात. कॉर्डच्या नावावरून तिच्यातले स्वर कळतात, पण त्या स्वरांचा एकत्रित नाद कसा होईल हे व्हॉइसिंगवर अवलंबून असते. त्यामुळे कॉर्डची असंख्य नावे पाठ असूनही एखाद्याचे वादन जड आणि विस्कळीत वाटते, तर दुसरा वादक मोजक्याच कॉर्ड्स वाजवूनही गाण्याला उठाव देतो. या विषयात प्रगती म्हणजे कॉर्डमध्ये अधिकाधिक स्वर भरत जाणे, असा समज नवशिक्यांमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पहिल्या पाठापासून प्रगत अभ्यासापर्यंत वादक एकच गोष्ट अधिकाधिक बारकाईने शिकत असतो, ती म्हणजे कोणता स्वर अटळ आहे, कोणता सोडून देता येतो आणि प्रत्येक स्वराने पुढच्या कॉर्डमध्ये कोठे जावे.

सोयीसाठी पाश्चात्त्य ‘सी’ हा स्वर, म्हणजे पेटीवादकांची पांढरी एक, येथे षड्ज मानला आहे. सर्वांत साधी कॉर्ड तीन स्वरांची असते आणि तिला ट्रायड म्हणतात. एका मूळस्वरावर एकाआड एक असे आणखी दोन स्वर रचले की ती तयार होते, जसे सा–ग–प, म–ध–सा किंवा प–नी–रे. फ्रेंच संगीतकार ज्याँ-फिलिप रामो याने १७२२ साली प्रसिद्ध केलेल्या स्वरसंवादावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की सा–ग–प, ग–प–सा आणि प–सा–ग ही एकाच कॉर्डची तीन रूपे आहेत व त्यांचा मूळस्वर षड्जच आहे. या रूपांना इन्व्हर्जन म्हणतात, आणि व्हॉइसिंगचा अभ्यास खऱ्या अर्थाने येथूनच सुरू होतो. नवशिका वादक सा–ग–प वाजवून झाल्यावर हात उचलतो आणि म–ध–सा शोधण्यासाठी पट्ट्यांवर पुढे उडी मारतो. इन्व्हर्जन समजलेला वादक मात्र सा तेथेच धरून ठेवतो, ग वरून म वर व प वरून ध वर सरकतो, आणि सा–म–ध अशी तीच कॉर्ड हाताखालीच मिळवतो. त्यानंतर नी–रे–प आणि पुन्हा सा–ग–प असे आले, की चार कॉर्ड्सचा पूर्ण फेरा हात फारसा न हलवता पुरा होतो. ऐकणाऱ्याला त्यात चार वेगवेगळे ठोके जाणवत नाहीत, तर तीन गायक आपापली ओळ शांतपणे गात असल्याचा प्रत्यय येतो. प्रत्येक स्वराच्या अशा प्रवासाला व्हॉइस लीडिंग म्हणतात.

दुसरा प्रश्न सप्तकाचा आहे, आणि त्याचे उत्तर नादाच्या स्वभावात सापडते. मध्य सप्तकातील सा सुमारे २६१.६ हर्ट्झचा आणि त्यावरचा ग सुमारे ३२९.६ हर्ट्झचा असतो, म्हणजे दोहोंत ६८ हर्ट्झचे अंतर राहते व कान त्यांना सहज वेगळे ओळखतो; तेच स्वर दोन सप्तके खाली नेले तर ते सुमारे ६५.४ आणि ८२.४ हर्ट्झचे होतात, त्यांच्यातील अंतर केवळ १७ हर्ट्झ उरते, आणि दोन स्वरांऐवजी खरखरीत गुरगुर ऐकू येते. नैसर्गिक नादाची रचना याला पूरक असते. एखादी तार छेडली असता तिच्या मूळ नादाबरोबर अनुक्रमे वरचा सा, पंचम, आणखी वरचा सा आणि मग गंधार असे उपस्वर निघतात, आणि उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो याच कारणाने. खाली मोठी अंतरे आणि वर जाताना लहान होत जाणारी अंतरे, हा निसर्गाचा क्रम पियानोवरही पाळला की कॉर्ड मोकळी वाजते. शोपाँच्या १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस १० मधील पहिल्या एट्यूडच्या आरंभी उजवा हात सा–प–सा–ग असा एका सप्तकाहून मोठा पल्ला घेतो. ग तेथे षड्जाला चिकटून न बसता सर्वांत वर येतो, आणि साध्या तीन स्वरांच्या कॉर्डला भव्यता लाभते.

मूळस्वर, तिसरा आणि पाचवा यांच्यावर सातवा स्वर रचला की चार स्वरांची सेव्हन्थ कॉर्ड होते, आणि जॅझ संगीताची सारी भाषा या कॉर्डवर उभी आहे. स्वर सोडण्याची विद्या येथे प्रथम स्पष्ट दिसते. कॉर्ड मेजर आहे की मायनर हे तिसऱ्या स्वरावरून कळते आणि तिला पुढे जाण्याची ओढ आहे की ती स्थिर आहे हे मुख्यतः सातव्यावरून. पाचवा स्वर बहुतेक वेळा यात काही भर घालत नाही, म्हणून तो निःशंकपणे वगळता येतो. मूळस्वराबरोबर फक्त तिसरा आणि सातवा, किंवा त्यांपैकी एकच, ठेवण्याच्या या पद्धतीला शेल व्हॉइसिंग म्हणतात, आणि बड पॉवेल या पियानोवादकाचा डावा हात अशा मोजक्या स्वरांसाठी प्रसिद्ध आहे. जॅझमध्ये पदोपदी भेटणारा क्रम रे, प आणि सा या मूळस्वरांवरील तीन सेव्हन्थ कॉर्ड्सचा आहे. पहिल्या कॉर्डचे महत्त्वाचे स्वर म आणि सा आहेत. दुसरी कॉर्ड येताना म जागचा हलत नाही आणि सा अर्ध्या स्वराने उतरून नी होतो. तिसरी येताना नी स्थिर राहतो आणि म अर्ध्या स्वराने उतरून ग होतो. प्रत्येक वेळी एकच बोट हलते, तरीही प्रस्थान, ताण आणि विसावा या तिन्ही अवस्था पूर्णपणे ऐकू येतात.

याच्या पुढची पायरी अधिक धाडसाची आहे, कारण तेथे मूळस्वरच सोडला जातो. वृंदात डबल बेस वाजवणारा वादक मूळस्वर सांभाळत असेल तर पियानोने तो पुन्हा वाजवण्याचे कारण उरत नाही, आणि मोकळ्या झालेल्या बोटाला नववा किंवा तेरावा स्वर, म्हणजे वरच्या सप्तकातील दुसरा किंवा सहावा स्वर, घेता येतो. या रूटलेस व्हॉइसिंगना जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सने फार मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. वरचाच क्रम या पद्धतीने म–ध–सा–ग, म–ध–नी–ग आणि ग–प–नी–रे असा होतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना चारांपैकी केवळ सा हा स्वर नी वर येतो, आणि दुसऱ्या कॉर्डच्या पोटात शेजारी आलेल्या ध व नी यांच्या घर्षणातून तिला खास रंग चढतो. हे स्वर मध्य सप्तकाच्या आसपासच ठेवावे लागतात, कारण खाली गेले तर ते गढूळ होतात आणि बेसच्या वाटेतही येतात.

आतापर्यंतच्या कॉर्ड्स एकाआड एक स्वर घेऊन रचलेल्या होत्या. विसाव्या शतकात षड्ज-मध्यम भावाने, म्हणजे सा आणि म यांच्यातील अंतराने, स्वर एकमेकांवर रचण्याची पद्धतही रुजली, आणि तिला क्वार्टल व्हॉइसिंग म्हणतात. माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रणातील ‘सो व्हॉट’ या रचनेत बिल एव्हान्स ग–ध–रे–प–नी अशी पाच स्वरांची कॉर्ड वाजवतो आणि तोच आकार एक स्वर खाली नेऊन रे–प–सा–म–ध असा उत्तर देतो. या आकारात खालची तीन अंतरे षड्ज-मध्यम भावाची आणि सर्वांत वरचे षड्ज-गंधाराचे आहे. मेजर-मायनरचा ठाम निर्णय न देणारी ही रचना ऐकणाऱ्याला ताणत नाही आणि थांबवतही नाही, म्हणून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या संगीताला ती शोभते. जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत मॅकॉय टायनरने हीच पद्धत घणाघाती डाव्या हाताने वापरली आणि तिच्यातून वेगळेच सामर्थ्य काढले.

दोन्ही हातांनी चाल आणि कॉर्ड एकत्र वाजवण्याच्या पद्धतीही शिकण्याजोग्या आहेत. सा–ग–प–नी या दाट कॉर्डमधील वरून दुसरा स्वर, म्हणजे प, एक सप्तक खाली टाकला की प–सा–ग–नी असा खुला आकार मिळतो. त्याला ड्रॉप टू म्हणतात. मिल्ट बकनर आणि जॉर्ज शिअरिंग यांनी लोकप्रिय केलेल्या लॉक्ड हँड्स शैलीत चालीचा प्रत्येक स्वर वरच्या सप्तकात आणि खालच्या सप्तकात एकाच वेळी वाजतो व मधल्या जागेत कॉर्डचे उरलेले स्वर येतात. चालीतला प्रत्येक स्वर काही कॉर्डमधला नसतो, तेव्हा काय करायचे, या प्रश्नाचे सुरेख उत्तर बॅरी हॅरिस या वादक-शिक्षकाने दिले : कॉर्डमधील स्वरांखाली सा–ग–प–ध आणि इतर स्वरांखाली रे–म–कोमल ध–नी ही डिमिनिश्ड कॉर्ड आलटून पालटून ठेवली, की चालीचा कोणताही स्वर निराधार राहत नाही. सर्वांत प्रगत मानल्या जाणाऱ्या अप्पर स्ट्रक्चर पद्धतीत डावा हात प वरील कॉर्डचे नी आणि म हे दोनच अटळ स्वर धरतो आणि उजवा हात त्यावर ध–कोमल रे–ग अशी निराळीच ट्रायड ठेवतो. नावाने अवघड वाटणारी ही कॉर्ड हाताला मात्र एक शेल आणि एक ओळखीची ट्रायड म्हणूनच मिळते, आणि प्राथमिक पाठ पक्के असण्याचे मोल येथे कळते.

अभ्यासाची दिशाही यावरून ठरते. एकच क्रम घेऊन तो संथ लयीत बाराही पट्ट्यांत वाजवावा, आणि प्रत्येक वेळी मधला एक स्वर गळ्याने गाऊन पाहावा. ज्या स्वराची वाट गाता येत नाही, तो स्वर बोटांनीही अंदाजानेच ठेवलेला असतो. पेटी शिकलेल्या वाचकाला ही सवय विशेष उपकारक आहे, कारण पेटीवर एक हात भात्यात गुंतलेला असल्याने वादनाचे सारे लक्ष चालीवर असते, आणि कीबोर्डपुढे बसल्यावर तोच चालीचा संस्कार प्रत्येक अंतर्गत स्वराला देता येतो.

रागसंगीताला किंवा भावगीताला कॉर्डची साथ करताना हे ज्ञान सर्वाधिक कसोटीला लागते. भूप रागात म आणि नी वर्ज्य आहेत, त्यामुळे पंचमावरची साधी ट्रायड, प–नी–रे, तेथे वाजवताच रागाबाहेरचा स्वर घुसतो. नी सोडून प आणि रे एवढेच ठेवले तर आधारही मिळतो आणि रागही अबाधित राहतो. पियानोचा गंधार तानपुऱ्यातून स्वयंभू उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, पंचमातील फरक मात्र जेमतेम २ सेंटचा आहे, म्हणून गायकाचा गंधार लागत असताना साथीदाराने पियानोचा गंधार आवरणेच इष्ट ठरते. उलट गंधारापासून षड्ज-मध्यम भावाने चढत गेले तर ग, ध, रे, प, सा असे भूपाचे पाचही स्वर ओळीने मिळतात आणि एकही परका स्वर येत नाही; इतकेच काय, ‘सो व्हॉट’मधील पहिल्या कॉर्डचे ग–ध–रे–प–नी हे स्वर पंचमाला षड्ज मानून पाहिले, तर ते नेमके भूपाचेच पाच स्वर भरतात. या दोन परंपरांचा इतिहास वेगळा आहे, तरी स्वरांमधील अंतरे त्यांना समान आहेत, आणि ती अंतरे कानाने ओळखणाऱ्या वादकाला कोणतीही चाल परकी राहत नाही. म्हणून पाठ केलेल्या आकारांची संख्या हे प्रभुत्वाचे माप मानता येत नाही. समोरच्या गाण्याला आत्ता कोणता स्वर हवा आहे आणि कोणता नको आहे, याचा निर्णय कारणासह देता येणे, हेच व्हॉइसिंगच्या अभ्यासाचे खरे साध्य आहे.