फुकट मुक्कामाचं 'काऊचसर्फिंग' पैशांपाशी का अडलं?

१९९९ मध्ये केसी फेंटन या अमेरिकन तरुणाला आइसलँडचं स्वस्त विमान तिकीट मिळालं. राहण्याची सोय मात्र नव्हती. त्याने आइसलँड विद्यापीठातल्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवून विचारलं, मला घरी ठेवून घ्याल का? पन्नासहून जास्त जणांनी तयारी दाखवली. यातूनच २००४ मध्ये 'काऊचसर्फिंग' ही वेबसाइट सुरू झाली. काऊच म्हणजे सोफा. आज या घरच्या, उद्या त्या घरच्या सोफ्यावर झोपत केलेला प्रवास.

कल्पना तशी जुनीच. १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली 'सर्व्हास' ही संस्था युद्धानंतर माणसं जोडायला हेच करत होती. तिथे सदस्य होण्याआधी मुलाखत द्यावी लागते.

अनोळखी माणसावर विश्वास कसा?

वेबसाइटवर मुलाखतीची जागा अभिप्रायांनी घेतली. पाहुणा यजमानाबद्दल लिहितो, यजमान पाहुण्याबद्दल. पण इथेच एक गोची आहे. ज्याच्या घरी फुकट राहिलो, त्याच्याबद्दल वाईट लिहायला हात धजावत नाही. शिवाय तोही आपल्याबद्दल वाईट लिहील ही धास्ती असतेच. त्यामुळे एकट्याने फिरणाऱ्या मुलींसाठी नुसतं 'छान माणूस' पुरेसं नाही. आधी राहून गेलेल्या बायकांनी काय लिहिलंय आणि काय लिहायचं टाळलंय, तेही वाचावं लागतं.

मग बिनसलं कुठे?

२००६ मध्ये वेबसाइटचा डेटाबेस कोलमडला. सगळं संपलं, असं फेंटननी जाहीरही केलं. पण स्वयंसेवकांनी एकही पैसा न घेता ती पुन्हा उभी केली. २०११ मध्ये अमेरिकेत धर्मादाय संस्थेचा दर्जा नाकारला गेला आणि काऊचसर्फिंग नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. ७६ लाख डॉलरची गुंतवणूकही आली. ज्यांनी फुकट राबून ती वाचवली, त्यांच्यातल्या अनेकांना हा विश्वासघात वाटला.

मे २०२० मध्ये, जगभर प्रवास बंद असताना, कंपनीने वर्गणी लावली. महिन्याला दोन-अडीच डॉलर; रक्कम किरकोळच. पण पैसे भरेपर्यंत लोकांना स्वतःचंच प्रोफाइल आणि वर्षानुवर्षं जमवलेले अभिप्राय उघडता येईनात. घर यजमानाचं, शब्द पाहुण्याचे, किल्ली मात्र कंपनीकडे! चिडलेले काही जण 'बीवेलकम' आणि 'ट्रस्टरूट्स' या ना-नफा पर्यायांकडे वळले.

भारतात पाहुणा ठेवायचा असेल तर?

परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. पैसे घेतले नाहीत, सोफाच दिला, तरीही. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील लागतो, तेव्हा तो पाहुणा येण्याआधीच मागून घेतलेला बरा.