‘त्याला काय कळतंय अजून!’

बारशाच्या भेटींत हल्ली ‘मेंदूच्या विकासासाठी’ असं ठळक छापलेलं एखादं खोकं हमखास निघतं. आत बटण दाबलं की दिवे लावून ए-बी-सी-डी म्हणणारं प्लॅस्टिकचं काहीतरी असतं. त्याच घरात बाळाशी गप्पा मारत बसलेल्या बाबाला कुणीतरी हसतं, ‘अरे, दीड महिन्याचं पोर ते, त्याला काय कळतंय अजून!’ म्हणजे माणूस बोलला तर बाळाला कळत नाही आणि यंत्र बोललं तर त्याची बुद्धी वाढते. दोन्ही समज एकाच छपराखाली सुखाने नांदतात आणि दोन्ही चुकीचे आहेत.

आधी कळण्याचं पाहू. नवजात बाळाला साधारण आठ ते बारा इंचांवरचं सगळ्यात नीट दिसतं. त्यापुढचं सगळं धूसर. मांडीवरच्या बाळापासून आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. ऐकणं तर पोटात असतानाच सुरू झालेलं असतं. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय एका प्रकारे बदलली की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या प्रकारे बदलली की परक्या बाईचा. बाळांनी थोड्याच वेळात आईचा आवाज येईल अशा बेताने चोखायला सुरुवात केली.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७०च्या दशकातला प्रयोग पाहायला मात्र जड जातो. आई समोर बसून बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग एका इशाऱ्यावर तिचा चेहरा निर्विकार होतो. ती बाळाकडे बघत राहते, पण हसत नाही, बोलत नाही, हूं नाही की चूं नाही. बाळाच्या हे चटकन लक्षात येतं. ते आधी हसून बघतं, मघाशी ज्यावर आई हसली होती तीच युक्ती पुन्हा करतं. मग हात पुढे करतं, आवाज चढवतं. एवढं करूनही काही होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, अंग टाकून देतं किंवा रडू लागतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत घडतं. अलीकडे याच धर्तीवर आईच्या हातात मोबाईल देऊन प्रयोग झाले, तेव्हाही बाळं अस्वस्थ झाली. काही महिन्यांच्या बाळाला ‘मी काही केलं की समोरून उत्तर येतं’ हे पक्कं ठाऊक असतं, आणि उत्तर आलं नाही तर बाळ ते मागतं. तान्ह्याशी खेळणं म्हणतात ते हेच. त्याने ‘आऽऊ’ म्हणायचं, आपण ‘हो का? मग काय झालं?’ म्हणायचं, थांबायचं आणि त्याला पुन्हा बोलू द्यायचं. थांबणं महत्त्वाचं, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच राहून जातं.

यावरून काही आया उगाच धास्तावतात, की आपण सतत समोर बसून खेळवलं नाही तर बाळाचं काही खरं नाही. ट्रॉनिक यांचंच पुढचं काम त्यांनी वाचावं. अगदी चांगल्या जमलेल्या जोड्यांतही आई-बाळाचे सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेले असतात. बाकीचा वेळ चुकामूक आणि मग पुन्हा जुळवून घेणं. या जुळवून घेण्यातच बाळ बरंच शिकतं. शिवाय बाळालाही कंटाळा येतो. मान वळवली, जांभई दिली, डोळे भलतीकडे लावले की ‘आता पुरे’ असं समजावं. अशा वेळी खुळखुळा अगदी नाकासमोर धरून जोरजोरात वाजवणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्यावा.

‘बोबडं बोललात तर पोर बोबडंच राहील’

हा इशारा बहुधा घरातली सुशिक्षित मंडळी देतात. वस्तुस्थिती उलट आहे. आवाज जरा चढा, स्वर लांबवलेले, वाक्यं छोटी, तेच ते पुन्हा पुन्हा, असं बोलणं बाळं जास्त लक्ष देऊन ऐकतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या खंडांतल्या ६७ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त बाळांवर हेच तपासलं आणि कल स्पष्ट दिसला. ‘मंमं’, ‘भूर’, ‘जोजो’ असे शब्द वापरल्याने उच्चार कायमचे बिघडतात याला आधार नाही. त्याला भात ‘भात’च म्हणून दाखवलात तरी उत्तम, फक्त तो बातम्या वाचल्यासारखा म्हणू नका.

दुसरी भीती दोन भाषांची. घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलणाऱ्या, आजी-आजोबा कोकणी किंवा कानडी. मग पोराचा गोंधळ होईल का? नाही. दोन भाषांत वाढणं हे उशिरा बोलण्याचं कारण नाही. उलट पहिल्या वर्षात कान कसे घडतात हे दाखवणारा सगळ्यात गाजलेला प्रयोग आपल्या ओळखीच्या आवाजांवर झाला आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळला. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर तशाच घरांतल्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला, पण हिंदी घरांतल्या बाळांना कळत राहिला. परदेशात जन्मलेल्या नातवाशी आजीने मराठीत बोलायचं ते ‘थोडा मोठा झाला की’ असं पुढे ढकलू नये, ते यासाठी.

मग आजीची ध्वनिफीत लावून ठेवली तर? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली, चार आठवड्यांत बारा वेळा. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळत, वाचत होता. काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. काहींना फक्त ऐकवलं. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेली बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. बाकी दोन्ही गट शिकलेच नाहीत. बाळ पडद्याकडे टक लावून बघत असतं म्हणून ते शिकतंय असं आपल्याला वाटतं, एवढंच.

‘कार्टून नाही हो, शैक्षणिक आहे’

यंत्र लावून दिलं की बाळाची बुद्धी वाढते, या समजाचा उगम गमतीशीर आहे. १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख आला. ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकला आणि आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांना जरा जास्त गुण मिळाले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. बाळांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तरी पाच वर्षांत प्रकरण इतकं वाढलं, की जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले. संगीत जरूर लावा, भीमसेनजी लावा, पण ते तुम्हाला आवडतं म्हणून लावा.

शब्द शिकवणाऱ्या व्हिडिओंची परीक्षा ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी २०१० साली घेतली. दीड वर्षांपर्यंतच्या मुलांनी महिनाभर तो व्हिडिओ पाहिला, तरी न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती मुलं, ज्यांच्या आईबाबांना फक्त शब्दांची यादी दिली होती आणि जमेल तसं शिकवा म्हणून सांगितलं होतं. अभ्यासातली खरी मौज पुढे आहे. ज्या पालकांना व्हिडिओ आवडला, त्यांना आपलं मूल त्यातून पुष्कळ शिकलं असं वाटत होतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच म्हणते. दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो, कारण तिथे समोरचा माणूस उत्तर देतो.

महागड्या खेळण्यांबद्दल सांगण्यासारखी गोष्ट जमेकाची आहे. १९८०च्या दशकात किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली, ९ ते २४ महिन्यांची. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं एक आरोग्य कार्यकर्ती जायची. ती डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञही नव्हती. घरातल्या रिकाम्या बाटल्या, खोकी, चिंध्या यांची खेळणी करून ती आईला बाळाशी खेळून दाखवायची. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. (हे आकडे गरिबीत वाढलेल्या मुलांचे आहेत. सोसायटीतल्या गुटगुटीत बाळाच्या पगारवाढीचा हिशेब त्यावरून मांडू नये.) याच विचाराने केंद्र सरकारने २०२४ साली ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचे १४० खेळ-उपक्रम आहेत आणि अंगणवाडी सेविकेने ते घरी जाऊन दाखवावेत अशी अपेक्षा आहे. पोषण आहार, नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती भरून तिला त्यासाठी किती वेळ उरतो, हा प्रश्न आराखड्याबाहेर राहतो.

घरात वाटी-चमचा आहे, झाकण घट्ट बसणारा डबा आहे, आईची ओढणी आहे. ओढणीआडून ‘बुवा... कूक!’ करून बघा. चार महिन्यांचं बाळ चेहऱ्याला हसतं. नऊ महिन्यांचं बाळ ओढणी सरकायच्या आधीच हसायला लागतं, कारण आत कोण आहे ते त्याला माहीत असतं. फक्त बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकेल असं मणी-बटण काही हाताशी ठेवू नका.

‘वॉकरमध्ये घाला, लवकर चालेल’

सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी पांगुळगाडा आणि बसायच्या झोळीचा आजचा वॉकर यांत फरक आहे. पांगुळगाडा धरायला बाळाला आधी स्वतः उभं राहावं लागतं. तोल त्याचा, वजनही त्याच्याच पायांवर. वॉकरमध्ये ते लटकतं, चवड्यांनी जमीन ढकलतं आणि स्वतःचे पायही त्याला दिसत नाहीत. त्याने चालणं लवकर येत नाही. जिन्यावरून गडगडायची सोय मात्र होते. कॅनडाने २००४ सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. बाळाला हवी ती जमीन. स्वच्छ सतरंजी घालून जागेपणी, आपल्या देखरेखीखाली पालथं टाकावं. न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपवायचं मात्र पाठीवरच.

आणि ‘शेजारचा चिंटू दहाव्या महिन्यात चालला’ हे ऐकून झोप उडवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली, तेव्हा आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं दिसलं. काही मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

‘सारखं उचलू नका, हाताची सवय लागेल’ हेही तसंच. माँट्रियलमधल्या १९८६ सालच्या एका अभ्यासात आयांना बाळ रडो न रडो, रोज तीनेक तास जादा कडेवर घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. पहिल्या तीन-चार महिन्यांत कडेवर घेऊन कुणी लाडावत नाही.

एका समजापुढे मात्र मला गप्प बसवत नाही. ‘याचे बाबापण उशिराच बोलले’ असं म्हणून वर्ष-दीड वर्ष थांबणं. चालण्याला जेवढी सवलत द्यावी तेवढी ऐकण्याला देऊ नये. ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने हुंकार देतात, हसतात, खेळतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पाठीमागे वाटी वाजवून केलेली परीक्षा भरवशाची नाही. बाळ हलत्या सावलीने किंवा धक्क्यानेही वळून बघतं. खरी तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं टोक ठेवून काही मिनिटांत होते. ती पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. ती राहून गेली असेल आणि दहाव्या महिन्यातही ‘बाबाबा’, ‘दादादा’ ऐकू येत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावं किंवा जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथली तपासणी मोफत आहे.