शपथ मोडावी केव्हा?

‘आईशप्पथ’, ‘देवाशप्पथ’, ‘गळ्याशप्पथ’ हे शब्द महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दिवसातून किती वेळा कानी पडतात, याची मोजदाद करणे कठीण आहे. बोलणाऱ्यालाही त्यांचे काही वाटत नाही. इस्लामी धर्मशास्त्रात मात्र शपथेला स्वतंत्र प्रकरण आहे. मी ते वाचू लागलो तेव्हा शपथ पाळण्याची कडक बंधनेच तेवढी सापडतील, अशी माझी कल्पना होती. बंधने आहेतच, पण शपथ मोडणे केव्हा योग्य, याचाही तेथे बराच ऊहापोह आहे, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

शपथ घ्यावयाची तर अल्लाहची घ्यावी, नाहीतर गप्प राहावे, असे पैगंबरांचे सांगणे आहे. अरब लोक वडिलांची शपथ घेत. ती प्रथा त्यांनी बंद केली. म्हणजे आपली ‘आईशप्पथ’ येथे पहिल्याच पायरीवर बाद!

हनफी शास्त्रकार शपथेचे तीन प्रकार मानतात. एखादी गोष्ट खरी समजून शपथेवर सांगितली आणि ती चुकीची निघाली, तर ती ‘लग़्व’, म्हणजे निरर्थक. तिचा दोष नाही. पुढे अमुक करीन वा करणार नाही, अशी जाणूनबुजून घेतलेली शपथ ‘मुनअकिद’, म्हणजे बांधलेली. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून घेतलेली खोटी शपथ ती ‘ग़मूस’. या शब्दाचा अर्थच बुडविणारी असा आहे.

आता समजा, बांधलेली शपथच कोणाच्या तरी मुळावर आली, तर? इ. स. ६२७ च्या सुमारास मदीनेत हजरत आयेशा यांच्यावर खोटा आळ घेण्यात आला. तो पसरविणाऱ्यांत मिस्तह नावाचा गरीब मनुष्य होता. आयेशांचे वडील अबू बक्र यांच्या मावसबहिणीचा हा मुलगा, आणि त्याचा चरितार्थ अबू बक्र यांच्याच मदतीवर चाले. यापुढे याला काही देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. बापाचा संताप कोणालाही समजेल. तरीही कुराणाच्या २४ व्या अध्यायातील २२ वी आयत अशा शपथेविरुद्ध अवतरली : संपन्नांनी आप्तांना व गरजूंना न देण्याची शपथ घेऊ नये, क्षमा करावी. अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली. सत्कृत्य टाळण्यासाठी अल्लाहच्या नावाची सबब करू नये, असे दुसऱ्या अध्यायातही आहे. घेतलेल्या शपथेहून चांगले काही दिसले तर ते करावे आणि प्रायश्चित्त द्यावे, ही पैगंबरांची शिकवण.

पत्नीजवळ जाणार नाही, अशी शपथ घेऊन तिला ना धड संसारात, ना धड मोकळी अशी लटकत ठेवण्याची चाल त्या काळी होती. तिला कुराणाने चार महिन्यांची मर्यादा घातली. मुदत संपली की हनफींच्या मते तलाक आपोआप होतो; शाफ़ईंच्या मते नवऱ्याला नांदव किंवा सोड, असे बजावले जाते.

प्रायश्चित्ताला ‘कफ़्फ़ारा’ म्हणतात. दहा गरिबांना जेवण, किंवा दहांना वस्त्र, किंवा एका गुलामाची मुक्तता. यांपैकी काहीच शक्य नसेल तर तीन रोजे. शपथ मोडली की रोजे धरले, असा सोपा हिशेब काहीजण करतात. पण ऐपत असणाऱ्याला ती वाट नाही.

तपशिलात आपल्याच राज्यात दोन रीती सापडतात. कोकणी मुसलमान परंपरेने शाफ़ई, तर घाटावरचे बहुतेक हनफी. हनफी दहा जणांना दोन वेळ जेवू घालील, किंवा तेवढी किंमत देईल. शाफ़ई मतानुसार किंमत चालत नाही. प्रत्येकाच्या हाती एक ‘मुद्द’, म्हणजे सुमारे ओंजळभर धान्य पडले पाहिजे. कोकणात ते अर्थातच तांदूळ! हनफींचे तीन रोजे सलग हवेत, शाफ़ईंचे सुटे चालतात.

‘ग़मूस’ शपथेची गोष्ट वेगळी. काजीपुढे पुरावा देण्याचा भार फिर्यादीवर आणि शपथ नाकारणाऱ्यावर, असा नियम आहे. साक्षीदार नसला की दावा प्रतिवादीच्या शपथेवर मिटतो. तो खोटे बोलला तर दुसऱ्याची जमीन वा पैसा गिळंकृत होतो. म्हणून हनफी म्हणतात की या शपथेला कफ़्फ़ाराच नाही. दहा जेवणांनी ती धुतली जात नाही, मनापासून तौबा करावी. शाफ़ई कफ़्फ़ाराही द्यावयास लावतात. मात्र लुबाडलेला माल मूळ मालकाला परत केल्याखेरीज तौबा पुरी होत नाही, यावर दोघांचेही एकमत आहे.