पुस्तकांची गावं

वेल्समधल्या हे-ऑन-वाय या चिमुकल्या गावात रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं आणि पाहता पाहता गावभर तशीच दुकानं झाली. १ एप्रिल १९७७ रोजी तर बूथ यांनी गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं! तिथल्या किल्ल्याच्या आवारात पुस्तकांची फडताळं असतात, पण गल्ल्यावर कुणीच नसतं. पुस्तक घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे.

याच गावावरून प्रेरणा घेऊन ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवात २५ ठिकाणी, सुमारे १५ हजार मराठी पुस्तकांनिशी. मात्र इथे विक्री नाही, वाचन आहे, आणि मला भिलारचं मोठेपण यातच वाटतं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतली जागा वाचकांसाठी मोकळी करून दिली. एका घरात संतसाहित्य, दुसऱ्यात बालसाहित्य, तिसऱ्यात इतिहास. बाहेरच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र पाहायचं, चपला काढायच्या, कपाटातलं पुस्तक घ्यायचं आणि हवा तितका वेळ वाचत बसायचं.