संगणकाची डिस्क पालटतांना

आपल्या बिद्रीसारख्या गांवींही आतां पुष्कळ घरांतून व दुकानांतून संगणक आला आहे. उंसाच्या बिलांचे हिशेब, मुलांचे निबंध, लग्नकार्यांतील छायाचित्रें, हें सर्व त्याच्या पोटांतील हार्ड डिस्कवर सांठविलेलें असतें. पडदा किंवा कळफलक बिघडला तर नवा घेतां येतो; परंतु डिस्क नासली म्हणजे तिजवरील मजकूर कोणत्याही दुकानीं विकत मिळत नाहीं. करितां ती वेळींच कशी पालटावी, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात. त्या बहुधा मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि वाचणारें सूक्ष्म टोंक त्यांस न शिवतां अगदीं जवळून फिरतें. सन १९५६ मध्यें आय्.बी.एम्. कंपनीनें असलें पहिलें यंत्र बाहेर काढलें. त्यांत ५० चकत्या असूनही सुमारें ५० लाख अक्षरेंच मावत! फिरणारी वस्तु कधीं तरी झिजावयाचीच. डिस्कमधून 'टक् टक्' आवाज येऊं लागला, कीं संगणक पुनःपुनः चालू-बंद करून पाहूं नये. महत्त्वाच्या फाइली आधीं दुसरीकडे उतरून घ्याव्या. नव्या एस्.एस्.डी. प्रकारांत फिरणारा भागच नसतो व काम फार जलद होतें. तथापि तीही अमर नव्हे.

मोडी दप्तरांच्या काळीं कारकून अस्सल कागदाची नक्कल करी व ती अस्सलाशीं ताडून पाही. या ताडण्यास रुजुवात म्हणत. आमच्या मतें येथेंही हीच रीत उत्तम होय.

नक्कल दोन प्रकारें होते. पहिला प्रकार, केवळ फाइली बाहेरच्या डिस्कवर घेऊन नव्या डिस्कवर सर्व प्रणाली नव्यानें बसविणें. यांत मराठी लिहिणारांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत धरावी. श्री-लिपि, कृतिदेव इत्यादि जुन्या वळणांत टंकलेला मजकूर तें वळण, म्हणजे तो फॉन्ट, नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. फाइल शाबूत, पण वाचतां येत नाहीं! म्हणून फॉन्टही बरोबर घ्यावे.

दुसरा प्रकार, क्लोनझिलासारख्या साधनानें संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा उतरणें. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिजहून मोठी असावी. येथें खरा धोका आहे. 'कोठून' व 'कोठें' यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि वर्षांचें काम क्षणांत जातें. दोन्ही डिस्कांचे क्रमांक आधीं कागदावर लिहून घ्यावे, व होकार देण्यापूर्वीं दुसऱ्या माणसाकडून ते वाचवून घ्यावे. महत्त्वाच्या फाइलींची निराळी प्रतही त्यापूर्वींच झालेली बरी. पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, तेव्हां यू.पी.एस्. नसल्यास हें काम हातीं घेऊं नये.

डिस्क काढतांना संगणक बंद करून विजेची तार भिंतींतून उपटावी, व पेटीच्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. डिस्कला सामान्यतः दोन तारा असतात, एक विजेची व एक मजकुराची. त्या सरळ ओढाव्या, हिसडूं नयेत.

आतां रुजुवात. जुनी डिस्क काढून ठेवून केवळ नवीवर संगणक सुरू करावा. दोन्ही जोडलेल्या असतां तो पुष्कळदां मुकाट्यानें जुनीवरूनच सुरू होतो, आणि काम फत्ते झाल्याचा भास होतो. फाइलींची संख्या ताडावी, निरनिराळ्या वर्षांच्या कांहीं उघडून पाहाव्या.

जुनी डिस्क निदान महिनाभर तारीख लिहून, हात न लावतां ठेवावी. एक प्रत परगांवींच्या नातलगांकडे असल्यास अधिक चांगलें. सन २०१९ व २०२१ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यांतील किती तरी घरांत पाणी शिरलें होतें. पुढें ती डिस्क भंगारांत द्यावयाची झाल्यास फाइली पुसून भागत नाहीं, कारण पुसल्यानें बहुधा नांवच जातें व मजकूर मागें राहतो. चकत्यांची डिस्क असेल तर ती सबंध नव्यानें लिहून काढावी, नाहीं तर सरळ मोडून टाकावी.