कॉलरा न झालेल्या घरांचा हिशेब

हिंदुस्थानातल्या एका खेड्यात कॉलऱ्याची साथ आली. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२६ साली हे आकडे गणिताने तपासले. हे स्कॉटिश डॉक्टर आधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि पुढे एडिंबरात काम करत होते.

त्यांची नजर गेली ती १६८ निरोगी घरांवर. ही सगळीच धोक्याबाहेर होती, की काही केवळ योगायोगाने वाचली? एकूण रुग्ण ८६. ते सर्व २२३ घरांत सारख्याच शक्यतेने विखुरले असते, तर एक रुग्ण असलेली घरे सुमारे ५८ निघायला हवी होती. निघाली ३२. धोक्यातली घरे ९३च धरली की मात्र हिशेब चपखल बसतो: एक रुग्ण असलेली ३४, दोनवाली १६, तीनवाली ५. म्हणून मॅकेंड्रिक यांनी तर्क बांधला, की ही ९३ घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. त्यांतल्या ३८ घरांत कुणी आजारी पडले नाही, पण धोका त्यांनाही तेवढाच होता.

साथ सुरू होतानाही योगायोगाचा वाटा असाच मोठा असतो. एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो असे धरले, तर सरासरीच्या समीकरणात साथ वाढणारच. पण पहिला रुग्ण कुणाला लागण देण्याआधीच बरा होऊ शकतो. संभाव्यतेच्या साध्या प्रारूपात अशी साथ आपोआप विझण्याची शक्यता निम्मी असते. पाच रुग्ण एकदम आले, तर ती ३२ मध्ये एक, म्हणजे जेमतेम तीन टक्के उरते. रुग्ण शेकड्यांनी वाढले, की चढउतार एकमेकांत मिसळतात आणि सरासरीचाच अंमल चालतो.

यातून आरोग्ययंत्रणेने दोन गोष्टी पक्क्या धरायला हव्यात. शेजारच्या गावात साथ आहे आणि आपल्याकडे रुग्ण नाही, एवढ्यावरून आपले पाणी शुद्ध ठरत नाही. ते तपासलेच पाहिजे. आणि पहिले चार-पाच रुग्ण शोधण्यात घालवलेला दिवस कधीच वाया जात नाही, कारण साथ सर्वांत सहज विझते ती तेव्हाच.